काळ्यातला काळा

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आठ दिवस खोलीचे दार लावून बसलो होतो. फराळाला आलेले पाहुणे विचारीत, "मास्तर कुठे दिसत नाहीत?" आणि आमची सौ. शांतपणे सांगे, "आत छापताहेत." पाहुणे घटकाभर गप्प होत. शिक्षकाचा पगार आणि बाजारभाव यांचे नाते त्यांनाही ठाऊक असल्यामुळे, हा गृहस्थ आत काय छापत असेल याविषयी त्यांच्या मनात नाही नाही त्या शंका येत असाव्यात.

खरे सांगायचे तर माझा उद्योग अगदी निरुपद्रवी होता. मी एक फोटो छापत होतो. एकच, आणि तोही काळापांढरा.

एका फोटोला आठ दिवस? कुणालाही हसू येईल. चकलीचा एक घाणा तळून होईपर्यंत माझी मुलगी त्या चकल्यांचे चाळीस फोटो फोनवर काढते आणि पहिली चकली ताटात पडण्यापूर्वी ते नागपूरच्या मावशीकडे पोचलेलेही असतात. पण आठ दिवस हा आकडासुद्धा मी संकोचाने कमी करूनच सांगितला आहे. त्या फोटोचा नाद मला त्याआधी सात-आठ महिने लागला होता.

फोटो १९८९च्या दिवाळीतला. आम्ही तेव्हा वाईला राहत असू. शेजारच्या काकूंचा भाचा मुंबईहून आला होता आणि त्याच्या गळ्यात अॅगफाचा 'क्लिक-थ्री' कॅमेरा होता. आत १२० नंबरचा रोल, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू'. आळीतल्या साऱ्या पोरांचे फोटो काढून झाल्यावर रोलमध्ये एकच फोटो उरला. भाचा उदार मनाचा होता. त्याने कॅमेरा आईच्या हातात दिला आणि म्हटले, "काकू, तुम्ही काढा." आईने पदर खोचला, श्वास रोखला आणि खटका दाबला. तिने जन्मात काढलेला तो एकच फोटो.

समोर अण्णा होते. अभ्यंगस्नान आटोपून ते उंबऱ्यावर बसले होते आणि मांडीवर एक दिवाळी अंक उघडून वाचीत होते. अण्णा छापखान्यात कंपोझिटर होते. त्या अंकाची कितीतरी पाने त्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवली होती. तरी छापून आल्यावर तो ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचीत, जणू काही पहिल्यांदाच वाचताहेत. सकाळचे कोवळे ऊन त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडले होते. मागे दाराच्या आतला काळोख होता आणि अंक धरलेला उजवा हात त्या काळोखाच्या बाजूला होता.

फोटोवाल्याने निगेटिव्हएवढाच छोटा छाप काढून दिला. त्यात अण्णांचा चेहरा बरा आला होता. हात मात्र मनगटापाशी संपत होता. पुढे नुसते डांबर!

अण्णा २०११ साली गेले. तेव्हा घाईघाईने ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. तो करणाऱ्याने मागे आकाशी रंगाचा पडदा टाकला आणि अण्णांना उगाचच गोरे केले. आईने तो पाहिला आणि म्हणाली, "हे कुणीतरी निवडून आलेले दिसतात." हार घातला, पण तिने त्या फोटोकडे पुन्हा फारसे पाहिले नाही.

गेल्या वर्षाच्या आरंभी तिच्या डोळ्याचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटल्यावर चार दिवसांनी ती मला म्हणाली, "बाळा, आता लख्ख दिसतंय. तो मी काढलेला फोटो मोठा करून दे. त्यात ह्यांचे हात दिसले पाहिजेत."

"हातच का गं?"

"चेहरा मला पाठ आहे," ती म्हणाली.

निगेटिव्ह ट्रंकेत सापडली. ती मी उजेडासमोर धरली. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. जिथे काळोख, तिथे फिल्म काचेसारखी स्वच्छ दिसते. त्या स्वच्छ भागात, अगदी श्वासाची वाफ धरावी इतकी पुसट, मला पाच बोटे दिसली. म्हणजे बोटे होती! कॅमेऱ्याने ती पाहिली होती. छापणाऱ्याच्या हातून ती निसटली होती.

पुण्याच्या एका मित्राकडे झाकणात दिवा असलेला स्कॅनर होता. त्यावर निगेटिव्ह उतरवून घेतली. मित्र म्हणाला, "सोळा बिटांत घेतो." म्हणजे काय, तर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नेहमी २५६ पायऱ्या असतात, त्या ठिकाणी ६५,५३६ पायऱ्या. पुसट बोटे पकडायची तर जिना असा बारीक पायऱ्यांचा हवा.

मग मी ते चित्र एका ओळखीच्या कचेरीतल्या साध्या रंगीत इंकजेट यंत्रावर छापले. खिडकीपाशी नेले तर अण्णा जांभळट दिसले. ट्यूबच्या उजेडात आणले तर हिरवट. माझे वडील रागावलेले मी पाहिले होते, आजारी पाहिले होते, पण हिरवे कधी पाहिले नव्हते. हा काय चमत्कार, म्हणून शोधू लागलो तेव्हा कळले की त्या यंत्रात चारच शाया असतात: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. करडा रंग हवा असला की यंत्र पहिल्या तिघींचे बारीक थेंब शेजारी शेजारी शिंपडते आणि तुमच्या डोळ्यांना सांगते, हाच करडा समजा. उजेड बदलला की तिघींपैकी एक पुढे सरसावते आणि बिंग फुटते.

हे थेंब किती बारीक असावेत? एक लिटर शाईचे एक लाख कोटी भाग करा. त्यांतले दोन-तीन भाग म्हणजे एक थेंब. असा सडा यंत्र कागदावर घालीत जाते. या सड्याची कुळकथाही मोठी गमतीची आहे. अमेरिकेतला प्रसिद्ध गायक ग्रॅहम नॅश याला काळ्यापांढऱ्या फोटोंचे वेड. आपले फोटो मनासारखे छापून घेण्यासाठी त्याने आणि त्याच्या मॅक होल्बर्ट या मित्राने १९९१ साली कॅलिफोर्नियात छपाईचे दुकानच काढले. त्यासाठी घेतलेल्या 'आयरिस' यंत्राची किंमत होती १,२६,००० डॉलर! ते यंत्र आज तिकडच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवले आहे. त्या दुकानातल्या जॅक डगन या छपाईकाराने या छापांना एक भारदस्त नाव दिले, 'झिक्ले'. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ पिचकारीसारखे उडवणे. आमच्या अंगणात आई रोज सकाळी तेच करी. फक्त तिने त्याला फ्रेंच नाव दिले नाही.

पण मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडली. ते आयरिस यंत्र मुळात फोटोंसाठी केलेले नव्हते. छापखान्यात मोठी छपाई सुरू करण्यापूर्वी प्रूफ काढून पाहण्यासाठी ते केले होते. प्रूफ! आमच्या घरात हा शब्द मीठमिरचीइतका रोजचा होता. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात प्रुफाची घडी नाही असा दिवस मला आठवत नाही.

शेवटी मी यंत्र घ्यायचे ठरवले. एका कादंबरीचे मानधन नुकतेच आले होते. एका फोटोग्राफरने वापरून बाजूला ठेवलेले यंत्र त्यात मिळाले, आणि उरलेल्या पैशांत शाई आली. माझी कादंबरी छापायला जेवढी शाई लागली, तेवढीच तिच्या मानधनात विकत आली, असा माझा हिशेब आहे.

या यंत्रात इतर रंग असतातच, पण काळ्याच्या चार पेट्या असतात. चकचकीत कागदासाठी एक काळा, खरखरीत कागदासाठी दुसरा, मग एक करडा आणि एक फिका करडा. करडा रंग आता तिघींच्या संगनमताने होत नाही, खऱ्या करड्या शाईने होतो. त्यामुळे खिडकीपाशी आणि ट्यूबखाली अण्णा एकच दिसू लागले. शाईही पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची नाही, बारीक दळलेल्या पुडीची. ती लवकर विटत नाही.

ही चार पेट्यांची युक्ती मला फार चटकन समजली. माझे पुस्तकी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पण मी चित्रकलेचा शिक्षक आहे आणि दर दिवाळीत शाळेच्या दिवाणखान्यात व्यक्तिचित्राची रांगोळी काढतो. चेहऱ्याच्या रांगोळीचे सारे मर्म वाट्यांत असते. पांढऱ्या रांगोळीत कोळशाची वस्त्रगाळ पूड थोडी थोडी वाढवीत मी सात वाट्या भरून ठेवतो. नवशिका मुलगा दोनच वाट्या घेतो, आणि मग गालावरची सावली करण्यासाठी पांढऱ्यावर काळे ठिपके टाकतो. चेहऱ्याला देवी आल्यासारखे दिसते! एकाच काळ्या शाईने छापणाऱ्या यंत्राचे तसेच होते. जॉन कोन नावाच्या अमेरिकन छपाईकाराने २०००च्या सुमारास यंत्रातल्या रंगीत शाया काढून टाकून सगळीकडे काळ्याच्याच फिक्या-गडद छटा भरल्या. पुढे त्या सातांपर्यंत गेल्या. हे वाचले तेव्हा मला त्याच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला. त्यालाही सात वाट्या लागल्या तर!

यंत्र आले तरी बोटे येईनात. पहिली चूक पडद्याची. संगणकाचा पडदा स्वतः उजेड देतो, कागद दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. झगझगीत पडद्यावर बोटे स्पष्ट दिसत, आणि कागदावर सगळा काळोख. शेवटी पडद्याशेजारी कोरा कागद धरला आणि दोघे सारखे दिसेपर्यंत पडद्याचा उजेड उतरवला. तेव्हा कुठे पडदा खरे बोलू लागला.

दुसरी चूक कागदाची. मी हौसेने पुण्याहून हातकागद आणला. शाई त्यात टिपकागदासारखी मुरली आणि काळ्याची राख झाली. छपाईच्या कागदावर शाई वरच्यावर धरून ठेवणारा एक थर लागतो. मग जर्मनीतल्या १५८४ सालापासून कागद करणाऱ्या हानेम्युले गिरणीचा कापसाचा कागद घेतला. काय तो कागद! हात फिरवला तर जुन्या धोतराची आठवण व्हावी. पण खरखरीत कागदावरचा गडद काळासुद्धा अंगावर पडलेल्या उजेडातला शेकडा दोन-अडीच भाग परत पाठवतो. म्हणजे तो पुरता काळा नसतोच. बराइटा नावाचा, जुन्या अंधारखोलीतल्या कागदासारखा बेरियमचा थर दिलेला कागद असतो, त्यावरचा काळा शेकडा एक भागही परत देत नाही. काळा जितका खोल, तितक्या त्याच्या अलीकडे उभ्या राहायला पायऱ्या जास्त. मी बराइटा घेतला. त्याच्या एका तावाच्या किमतीत घरची आठवड्याची भाजी येते, ही गोष्ट मी सौ.ला अजून सांगितलेली नाही. या अंकात ती ती वाचीलच.

मी एकवीस चौकोनांची पट्टी छापली. पहिला चौकोन कोरा पांढरा, शेवटचा पूर्ण काळा, मधले पायरीपायरीने गडद होत गेलेले. शेवटचे चार चौकोन एकमेकांत मिसळून गेले होते. अण्णांची बोटे नेमकी त्या चार चौकोनांत राहत होती.

मग मी साऱ्या चित्राचाच काळोख उजळवला. बोटे आली. पण दाराच्या आतला अंधार धुरकट झाला आणि अण्णा गिरणीतून पीठ दळून आल्यासारखे दिसू लागले. काळोख घालवला की सकाळही जाते, हे मला तेव्हा कळले. ते ऊन कोवळे वाटत होते ते मागच्या काळोखामुळे. तेव्हा काळोख काळाच ठेवायचा, आणि त्यातल्या त्यात बोटांना अर्धी पायरी वर चढवायची. काळ्यातून काळा वेगळा काढायचा. तिथे माझे आठ दिवस गेले. बोटांएवढ्या अरुंद पट्ट्या छापायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या, कारण ताजा छाप खोटे बोलतो, आणि सकाळी खिडकीपाशी नेऊन पाहायच्या.

अशा अकराव्या की बाराव्या पट्टीवर बोटे आली, आणि मी ती पाहत राहिलो. कारण ती बोटे काळोखामुळे काळी नव्हती. ती काळीच होती.

शिशाचे खिळे आणि छपाईची शाई यांत तीस वर्षे घातलेल्या माणसाची बोटे कधी स्वच्छ होत नाहीत. रॉकेलने पुसा, चिंच लावा, साबण घासा. आई नरकचतुर्दशीला अण्णांना उटणे लावी, तेव्हा त्यांच्या बोटांना वेगळा वेळ देई. चार बोटे धुऊन निघत, नखांच्या कडा तशाच राहत.

त्याच वर्षी, १९८९च्या पावसाळ्यात, मी पाचवीत होतो. चाचणीचे प्रगतिपुस्तक अण्णांनी सही करून दिले. सहीशेजारी त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. वर्गात एका मुलाने ते पाहिले आणि ओरडला, "याचा बाप अंगठेबहाद्दर आहे!" सारा वर्ग हसला. ज्या माणसाला उलटी अक्षरे तुमच्या-आमच्या सुलट अक्षरांपेक्षा भराभर वाचता येत होती, ज्याच्या हाताखालून कोश गेले, कथा गेल्या, कुणाकुणाच्या कविता गेल्या, त्या माणसाला वर्गाने अंगठेबहाद्दर ठरवले. मला एवढेच सांगायचे होते की, माझे वडील कंपोझिटर आहेत. ते मी सांगितले नाही. घरी येऊन मी अण्णांना म्हटले, "यापुढे तुम्ही सही करू नका. आई करील."

अण्णा काही बोलले नाहीत. लेखणी त्यांनी खिशाला लावली आणि प्रूफ वाचायला घेतले. त्यानंतर मॅट्रिकपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकावर आईचीच सही आहे. या गोष्टीबद्दल मी त्यांच्याशी पुढे कधी बोललो नाही. आधी लाज वाटत होती म्हणून, आणि नंतर वेगळी लाज वाटू लागली म्हणून. मग ते गेले.

शाईच्या पेटीवरचा बारीक मजकूर वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या महागड्या यंत्रातला काळा म्हणजे कार्बन, साध्या भाषेत काजळी. अण्णांच्या छापखान्यातली शाई म्हणजेही तेलात घोटलेली काजळीच. पस्तीस वर्षांपूर्वी जी त्यांच्या बोटांना लागली होती आणि जी मी पुसून टाकायला सांगत होतो, तीच मी आता मोलाने विकत आणून, थेंब मोजून, त्याच बोटांवर पुन्हा चढवीत होतो.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पुरता छाप निघाला. तो एक रात्र वाळू दिला आणि सकाळी आईला खिडकीपाशी खुर्ची देऊन तिच्या हातात ठेवला. तिने आधी हात पदराला पुसले. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. तिचे बोट कागदाच्या वर, कागदाला न लावता, हळूहळू फिरत होते. चेहरा, अंक, मनगट, आणि मग बोटे.

"नखांत शाई आहे बघ," ती म्हणाली.

"हो."

"हात मागे घेत होते ते. फोटोपुरते." ती हसली. "मीच म्हटलं, असू द्या हो, फोटोत कुठं दिसताहेत!"

अण्णा हात का मागे घेत होते, हे तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही. घरात दिवाळीची माणसे होती, बाहेर मुलांचे फटाके चालले होते. मी छाप तिच्या हातातून घेतला आणि उन्हापासून दूर, कपाटावर ठेवला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणखी एक काढ. माझ्या बहिणीला दाखवायचा आहे." मी मनात बराइटाच्या तावांचा हिशेब केला आणि "काढतो" म्हणालो.

आता तो फोटो तिच्या खोलीत, ऊन न पोचणाऱ्या भिंतीवर, काचेमागे आहे. त्याला हार घातलेला नाही. तिची तशी इच्छा आहे.

सुटीनंतर शाळा उघडते तेव्हा सहामाहीची प्रगतिपुस्तके सह्या होऊन माझ्याकडे परत येतात. कुणाच्या सहीशेजारी ग्रीसचा डाग असतो, कुणाच्या हळदीचा, कुणाच्या चुन्याचा. पूर्वी मी मुलांना म्हणत असे, "प्रगतिपुस्तक स्वच्छ ठेवा रे." गेल्या वर्षीपासून म्हणत नाही. डागाचे पान आले की मी वर्गात त्या मुलाला जवळ बोलावतो आणि विचारतो, "वडील काय करतात?" तो सांगतो. मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याला पुन्हा सांगायला लावतो.